बोलक्या पुस्तकात पान 143 कसं सापडतं?

वर्गात सर सांगतात, “पान 143 काढा, वरून दुसरा परिच्छेद.” डोळस मुलं पाच-सहा सेकंदांत तिथे पोचतात. त्याच बाकावरच्या अंध विद्यार्थ्याकडे तेच पुस्तक मोबाईलमध्ये आहे, पण अकरा तासांची एकच एमपी-थ्री फाइल म्हणून. पडद्यावरच्या पट्टीवर बोट सरकवायचं, अंदाजाने कुठेतरी थांबायचं, दोन वाक्यं ऐकायची, पुढे आलो की मागे राहिलो ते ठरवायचं आणि पुन्हा सरकवायचं. तोवर सर पुढच्या पानावर गेलेले असतात. पुस्तक त्याच्याजवळ आहे, सगळं आहे, तरी त्या तासाला त्याचा उपयोग नाही.

पुस्तक आवाजात उतरवलं की काम झालं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. नागपुरात अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून द्यायला माणसं लगेच तयार होतात. निवृत्त शिक्षिका, बँकेतून रिटायर झालेले काका, कॉलेजची मुलं. मोबाईल समोर ठेवतात, धडा वाचतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. त्यांची तळमळ खरी असते आणि त्या आवाजावर आजवर कितीतरी मुलं परीक्षा पास झाली आहेत. मी अशाच एका गटात ध्वनिमुद्रणाचं आणि फाइली नीट लावायचं काम करते. त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: अंध वाचकाचं जितकं आवाजावाचून अडतं, त्याहून जास्त पुस्तकाच्या रचनेवाचून अडतं. शीर्षक कुठे सुरू झालं, परिच्छेद कुठे संपला, पान कधी बदललं, ही ओळ मूळ मजकुरातली की तळटीप, हे सगळं डोळा न वाचताच टिपतो. कानाला ते कोणीतरी दिल्याशिवाय मिळत नाही. ते देण्याची एक ठरलेली, जगभर मान्य असलेली पद्धत आहे. तिचं नाव डेझी.

टेपपासून डेझीपर्यंत

अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं 1930च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती ग्रामोफोनच्या संथ फिरणाऱ्या तबकड्यांवर निघत. मग कॅसेट आली, आणि आपल्याकडच्या अंध वाचकांच्या एका अख्ख्या पिढीचं शिक्षण कॅसेटवर झालं. 90 मिनिटांची कॅसेट धरली तर पंधरा तासांच्या पुस्तकाला दहा कॅसेटी लागायच्या. सातवी कॅसेट कोणती, हे कळायला खोक्यावर ब्रेलमध्ये आकडा टोचलेला असायचा. एखादा मुद्दा शोधायचा तर टेप पुढे पळवायची, थांबवायची, ऐकायची.

त्यावर एक हुशार तोडगा निघाला होता. प्रकरण सुरू होताना टेपवर अगदी खर्जातला, जेमतेम ऐकू येणारा एक सूर नोंदवून ठेवायचे. टेप नेहमीच्या गतीने चालली तर तो वाचनाआड येत नसे, पण बटण दाबून भरभर पळवली की तोच सूर चढून स्पष्ट ‘बीप’ असा ऐकू यायचा. वाचक बीप मोजत मोजत पाचव्या प्रकरणाला पोचायचा. पुस्तकातल्या जागा शोधायची गरज किती जुनी आहे, हे यावरून दिसतं.

डिजिटल काळात या प्रश्नाला पहिल्यांदा मुळातून हात घातला तो स्वीडनमधल्या बोलक्या पुस्तकांच्या सरकारी ग्रंथालयाने. विद्यापीठात शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांना जाडजूड संदर्भग्रंथ चाळता यावेत, ही त्यामागची निकड होती. 1996 मध्ये वेगवेगळ्या देशांतली अशी ग्रंथालयं एकत्र आली आणि डेझी कन्सॉर्शियम स्थापन झालं. डेझी म्हणजे डिजिटल ॲक्सेसिबल इन्फर्मेशन सिस्टीम. 2001 मध्ये डेझी 2.02 ही आवृत्ती आली. ती इतकी टिकाऊ निघाली की आजही असंख्य पुस्तकं त्याच रूपात फिरतात. पुढे डेझी 3 आली. तिला 2002 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली आणि 2005 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

एक फोल्डर उघडून बघू

डेझी पुस्तक म्हणजे एक फाइल नसते, एक फोल्डर असतं. 2.02 प्रकारचं फोल्डर उघडलं की आत तीन तऱ्हेच्या फाइली दिसतात.

पहिली म्हणजे एनसीसी. ही पुस्तकाची अनुक्रमणिका. पण छापील अनुक्रमणिकेपेक्षा ती कितीतरी बारीक असते. प्रकरण, त्यातला भाग, त्यातला उपभाग अशा सहा पातळ्यांपर्यंतची शीर्षकं तिच्यात असतात, आणि प्रत्येक पानाचा क्रमांकही. दुसऱ्या तऱ्हेच्या फाइली आवाजाच्या, बहुतेक वेळा एमपी-थ्री. पुस्तकाचा पूर्ण मजकूर दिला असेल तर त्याचीही फाइल याच फोल्डरात असते.

तिसऱ्या तऱ्हेच्या फाइलींना स्माइल म्हणतात. सगळी किमया यांच्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू. समजा, नागपूर जिल्ह्याच्या भूगोलाचं पुस्तक आहे आणि त्यात दोन वाक्यं आहेत: “पेंच ही कन्हानची उपनदी आहे. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते.” आवाजाच्या सातव्या फाइलमध्ये ती वाचलेली आहेत. स्माइल फाइलमध्ये नोंद असते ती अशी: मजकुरातलं अमुक खुणेचं वाक्य, आवाज सातव्या फाइलमधला, सुरुवात 12.340 सेकंदाला, शेवट 15.920 सेकंदाला. त्याखाली दुसरी नोंद: पुढच्या खुणेचं वाक्य, तीच फाइल, सुरुवात 15.920, शेवट 19.410. अशा हजारो नोंदी. रेल्वेच्या वेळापत्रकात कोणती गाडी कोणत्या स्टेशनात किती वाजता येते आणि किती वाजता सुटते ते लिहिलेलं असतं, तसं इथे प्रत्येक वाक्याचं आगमन आणि प्रस्थान सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेलं असतं.

एवढ्यावरून प्लेअरला सगळं कळतं. वाचकाने पान 143 मागितलं की तो एनसीसीत त्या पानाची खूण बघतो, खुणेवरून स्माइल फाइलमधली नोंद शोधतो, नोंदीवरून आवाजाच्या फाइलमधला नेमका सेकंद काढतो आणि तिथून वाचायला लागतो. हे सगळं निमिषात होतं. पूर्ण मजकूर सोबत असेल तर जे वाक्य ऐकू येतंय तेच पडद्यावर रंगीत होतं. ज्यांना थोडं दिसतं, त्या अल्पदृष्टी वाचकांना याचा फार आधार वाटतो. डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे अक्षरं वाचणं जड जाणाऱ्या मुलांनाही.

अंध वाचकांसाठी बनवलेले हातात मावणारे प्लेअर मिळतात, जुन्या बटणाच्या मोबाईलसारखे, आकड्यांच्या कळा असलेले. त्यातल्या प्रचलित पद्धतीत 2 आणि 8 या कळांनी पातळी निवडायची: प्रकरण, भाग, पान, वाक्य. मग 4 दाबलं की त्या पातळीवर एक घर मागे आणि 6 दाबलं की एक घर पुढे. सरावलेला वाचक हे इतक्या झपाट्याने करतो की बघत राहावं. शीर्षकाशीर्षकांवरून उड्या मारत तो पाचशे पानांचं पुस्तक दोन-तीन मिनिटांत चाळून काढतो आणि त्यात आपल्या कामाचं काय आहे ते ठरवतो. डोळस वाचक दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळतो, तेच हे. गतीही वाढवता येते. दुपटीने किंवा त्याहून जास्त गतीने ऐकणारे पुष्कळ वाचक आहेत, आणि प्लेअर आवाजाची पट्टी तीच ठेवत असल्यामुळे तो चिरका होत नाही.

तळटिपांचीही सोय आहे. कायद्याच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकात दर दोन वाक्यांनी तळटीप आली तर ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. डेझीत तळटिपा, पान क्रमांक, चौकटीतला मजकूर यांना वेगळी खूण लावता येते. वाचकाला नको असतील तर तो ते बंद करून ठेवतो आणि हवे तेव्हा चालू करतो.

जागेचाही हिशेब बघा. 32 केबीपीएस या दराने नोंदवलेला आवाज एका तासाला सुमारे 14 एमबी होतो. नुसत्या बोलण्याला हा दर चालतो. म्हणजे 700 एमबीच्या एका सीडीवर 48 तास मावतात; ज्याला दहा कॅसेटी लागायच्या अशी तीन पुस्तकं एका चकतीवर. आणि आवाज न देता नुसता मजकूर दिला, तर पाचशे पानांचं मराठी पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, तीन एमबीच्या आसपास बसतं.

नुसता मजकूर? मग आवाज कुठून येणार?

डेझी पुस्तकं व्यवहारात तीन प्रकारची असतात. एक, माणसाचा आवाज आणि सोबत शीर्षकं व पानांच्या खुणा. दोन, माणसाचा आवाज आणि पूर्ण मजकूर, दोन्ही एकमेकांना जोडलेले. तीन, फक्त मजकूर. तिसऱ्या प्रकारात वाचायचं काम मशीन करतं. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवरचं एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर मराठी मजकूर मराठीत वाचून दाखवतात. त्यांचा आवाज यांत्रिक वाटतो, तरी आता बराच सुधारला आहे.

स्वयंसेवकांना हे ऐकून वाईट वाटतं. आमचा जिव्हाळ्याचा आवाज कुठे आणि तो मशीनचा आवाज कुठे! कथा, कविता, नाटक यांच्याबाबत त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. वऱ्हाडी संवाद असलेली कथा मशीनच्या तोंडून ऐकवत नाही. “काऊन बे, कुठी गेल्ता?” या वाक्यात जो सूर आहे तो विदर्भातल्या माणसाच्याच गळ्यातून यावा. ज्या आवाजाने आपण भारावतो, त्याच आवाजात साहित्य मिळण्याचा हक्क अंध वाचकालाही आहे.

पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुला-मुलींना विचारा. त्यांना मजकूर हवा असतो. का, ते शुद्धलेखनावरून लगेच कळेल. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला फारसा ऐकू येत नाही. ‘किती’मधली पहिली वेलांटी आणि ‘कीर्ती’मधली दुसरी वेलांटी नुसत्या ऐकण्यातून वेगळी कळावी कशी? डोळस विद्यार्थ्याच्या नजरेखालून तो शब्द हजार वेळा जातो आणि लेखन आपोआप पक्कं होतं. जन्मभर फक्त ऐकून शिकलेल्या मुलीला ही संधीच मिळत नाही. मग ती कॉम्प्युटरवर स्वतः उत्तर टाइप करायला बसते तेव्हा तिच्या लेखनात चुका दिसतात, आणि तपासणाऱ्याला वाटतं की अभ्यास कच्चा आहे. मजकूर असला की ती स्क्रीन रीडरला शब्दावर थांबवून एकेक अक्षर वदवून घेते: क, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. याच कारणासाठी मी गणित, विज्ञान, कायदा, व्याकरण यांना आवाजाआधी मजकूर हवा असं म्हणते. शिवाय एकदा नीट मजकूर झाला की त्यातून यांत्रिक आवाज निघतो, ब्रेल छापता येतं, बोटाखाली टिंबं वर-खाली होणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर वाचता येतं आणि अल्पदृष्टी वाचकासाठी अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ध्वनिमुद्रणातून फक्त ध्वनिमुद्रण निघतं.

मराठीचं खरं दुखणं

इंग्रजी पुस्तकाचा मजकूर मिळणं त्यामानाने सोपं असतं. मराठीत गाडी अडते ती फॉन्टवर.

आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं, प्रश्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, सरकारी परिपत्रकं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होत आली. या फॉन्टमध्ये एक गोम आहे. पडद्यावर मराठी अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. फक्त त्याचं चित्र मराठी काढलेलं असतं. कृतिदेवमध्ये ‘भारत’ शब्द टाइप केला तर आत पाच इंग्रजी अक्षरं असतात: एच, के, के, जे, आर. डोळ्याला ‘भारत’ दिसतं आणि कागदावर ‘भारत’ छापलं जातं, म्हणून कोणाचीच तक्रार नसते. स्क्रीन रीडर मात्र चित्र बघत नाही, तो आत साठवलेलं वाचतो. त्यामुळे अंध वाचकाला “भारत” ऐकू न येता त्या पाच इंग्रजी अक्षरांचा खिचडी उच्चार ऐकू येतो. पानच्या पान असंच.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, आणि ही सोय 1991 पासून आहे. युनिकोडमधलं ‘भ’ कोणत्याही फोनवर, कोणत्याही स्क्रीन रीडरला ‘भ’च असतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांनी बदललेला मजकूर डोळे झाकून घेता येत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ती जोडाक्षरापाशी हमखास घसरते. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ तर मोडतोच. म्हणून कन्व्हर्टरनंतर कोणीतरी डोळस माणसाने ओळ न् ओळ तपासावी लागते.

फाइलच नसेल आणि फक्त छापील पुस्तक असेल तर स्कॅन करून ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखायची. मराठी ओसीआर आता बऱ्यापैकी काम देतं, पण घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांत गोंधळतं. ‘धन’चं ‘घन’ झालं तर विज्ञानाच्या पुस्तकात अर्थाचा अनर्थ होतो, आणि स्क्रीन रीडर ते तितक्याच ठामपणे वाचून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला चूक कळायला जागाच नसते.

मे महिना, कूलर आणि ध्वनिमुद्रण

माणसाच्या आवाजातलं डेझी पुस्तक करायला ओबी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, डेझी कन्सॉर्शियमचंच. त्यात आधी पुस्तकाचा सांगाडा करून घ्यायचा: प्रकरणं, भाग, उपभाग. मग एकेका भागात जाऊन वाचायचं. पान उलटलं की एक कळ दाबून पानाची खूण टाकायची. वाचन झालं की ओबी मधल्या शांततेवरून वाक्यांचे तुकडे पाडतो. वाचणारा पूर्णविरामाला थांबला, तिथे आवाज ठरावीक पातळीखाली गेला, म्हणजे तिथे वाक्य संपलं, असा त्याचा हिशेब.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा हिशेब बिघडतो. पारा 45 च्या पुढे असताना कूलर बंद करून खोलीत बसणं अवघड, आणि कूलर चालू ठेवला तर शांतता नावाची गोष्टच ध्वनिमुद्रणात उरत नाही. पंख्याची घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वाक्यांमधल्या जागा भरून टाकतो. मग ओबीला चार वाक्यं मिळून एकच लांब तुकडा वाटतो, आणि पुढे वाचकाने “एक वाक्य मागे” म्हटलं की तो पाव पान मागे जातो. आमच्या गटातल्या ताई त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला वाचायला बसतात. खिडक्या लावलेल्या, कूलर बंद, माइकच्या मागे जाड चादर टांगलेली. आठ वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं. सुरुवातीला काही सेकंद कोणी काही बोलत नाही. ती नुसती शांतता नोंदवून ठेवायची असते, म्हणजे सॉफ्टवेअरला या खोलीतली शांतता कशी असते ते कळतं.

वाचणं हे काम दिसतं त्याहून कठीण आहे. वाचणाऱ्याने आपलं मत मध्ये घालायचं नाही, लेखकाचं वाक्य सुधारायचं नाही, अवघड परिच्छेद गाळायचा नाही. सगळ्यात कस लागतो तो तक्त्यांना आणि नकाशांना. तक्ता आडवा वाचत गेलं की तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणारा विसरतो की हा आकडा कशाचा. म्हणून प्रत्येक आकड्याआधी त्याच्या रकान्याचं नाव घ्यायचं: “भंडारा, क्षेत्रफळ, इतकं, लोकसंख्या, इतकी.” नकाशा असेल तर “इथे नकाशा आहे” एवढं म्हणून पुढे जाणं म्हणजे वाचकाची फसवणूक आहे. तो नकाशा त्या पानावर कशासाठी दिला आहे ते बघायचं आणि तेवढंच सांगायचं. विदर्भातल्या नद्यांचा नकाशा असेल तर कोणती नदी कुठल्या दिशेने वाहते आणि कुठे मिळते; जिल्ह्यांच्या सीमांचे रंग सांगत बसायचं नाही. असं वर्णन ‘निर्मात्याची टीप’ म्हणून वेगळी खूण लावून द्यायचं, म्हणजे हे शब्द लेखकाचे नाहीत हे वाचकाला कळतं.

परवानगीचं काय?

हा प्रश्न प्रत्येक नवा स्वयंसेवक विचारतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. कलम 52(1)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीला पुस्तक वाचता यावं म्हणून ते सुलभ रूपात आणणं आणि नफा न घेता त्यांच्यापर्यंत पोचवणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. मात्र ती प्रत अपंग व्यक्तींनाच मिळेल याची काळजी घेणं बंधनकारक आहे. सरसकट सगळ्यांना फाइल वाटली तर ही सवलत लागू नाही. देशादेशांत अशी पुस्तकं पाठवता यावीत म्हणून 27 जून 2013 रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. 2014 मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. तो 30 सप्टेंबर 2016 पासून अमलात आहे. याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.

त्याच वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. केंद्र सरकारचा अपंग सक्षमीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून ते उभं केलं. छापील मजकूर वाचता न येणाऱ्या कोणालाही सभासद होता येतं: अंध, अल्पदृष्टी, डिस्लेक्सिया असलेले, किंवा हातांच्या अपंगत्वामुळे पुस्तक धरू न शकणारे. त्यासाठी अपंगत्वाचा पुरावा द्यावा लागतो. नोंदणी झाली की पुस्तकं फोनवर उतरवून ईझीरीडरसारख्या ॲपमध्ये वाचता येतात. कॉम्प्युटरवर थोरियम रीडर हा मोफत आणि चांगला पर्याय आहे. तो डेझीही उघडतो आणि इपबही.

आता इपब

इपब हे नाव ई-पुस्तकं वाचणाऱ्या डोळस वाचकांच्याही ओळखीचं आहे. 2011 मध्ये इपब 3 आलं आणि त्यात डेझीतल्या बहुतेक गोष्टी घेतल्या गेल्या: शीर्षकांच्या पातळ्या, छापील पानांची यादी, आणि आवाज व मजकूर जोडणाऱ्या त्याच स्माइल नोंदी. डेझी कन्सॉर्शियमनेच यात पुढाकार घेतला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आधी प्रकाशक एक पुस्तक काढायचा आणि अंध वाचकासाठी दुसऱ्या कोणीतरी, काही महिन्यांनी, काही वर्षांनी, वेगळं पुस्तक तयार करायचं. आता प्रकाशकाने पहिलंच इपब नीट केलं तर दोघांना एकाच दिवशी, एकच पुस्तक मिळू शकतं. नीट म्हणजे काय, याचे निकषही ठरलेले आहेत. 2017 मध्ये त्यांची पहिली आवृत्ती निघाली.

अडचण आहे ती सवयीची. शीर्षक द्यायचं म्हणून आपण ओळ निवडतो, ठळक करतो, अक्षर मोठं करतो, मधोमध आणतो. डोळ्याला ते शीर्षक दिसतं. फाइलच्या दृष्टीने मात्र ती साधी ओळच राहते, आणि शीर्षकावरून शीर्षकावर जाणारा वाचक तिच्यापर्यंत कधी पोचतच नाही. वर्डमध्ये ‘हेडिंग 1’, ‘हेडिंग 2’ अशा शैली दिलेल्या असतात. त्या वापरल्या की शीर्षक खरोखर शीर्षक होतं. अशा वर्ड फाइलवरून इपब करायला डेझी कन्सॉर्शियमचं वर्डटूइपब हे मोफत साधन आहे, आणि शैली बरोबर असतील तर ते काम काही मिनिटांत उरकतं.

नागपुरात क्लास चालवणारे, नोट्स काढणारे, छोट्या प्रकाशन संस्था, डीटीपी करणारे खूप आहेत. सीताबर्डीपासून महालापर्यंत रोज कितीतरी मराठी पानं टाइप होतात. त्यांच्याकडे मागणं एवढंच आहे: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, शीर्षकांना हेडिंगची शैली द्या, तक्ता स्पेसबारने ओळी जुळवून काढण्याऐवजी खरा तक्ता घाला. कोणी अंध विद्यार्थी नोट्स मागायला आला तर त्याला स्कॅन केलेली पीडीएफ देऊ नका. तिच्यात फक्त पानांचे फोटो असतात. मूळ वर्ड फाइल द्या. पुस्तक छापून झालेलं असेल तर छपाईआधीची फाइल डीटीपीवाल्याकडे बहुधा अजून पडून असते. ती मागून घ्या, कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते विचारून ठेवा आणि पुस्तकाची आवृत्ती व वर्ष फाइलच्या नावातच लिहा, कारण आवृत्ती बदलली की पानांचे क्रमांक बदलतात आणि आम्हाला सगळ्या खुणा पुन्हा टाकाव्या लागतात.